माळ, श्रावण आणि पाटवडीचा रस्सा

गटारीला, किंवा तिच्या आदल्या रविवारी, मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन भल्या सकाळी रांगेत उभा राहिलेला माणूस पुढचा महिनाभर शाकाहारी असतो. श्रावण सरला की काहीजण लगेच सुटतात, काही गणपती उठेपर्यंत थांबतात. काही घरांत तर गौरीलाच तिखटाचा नैवेद्य लागतो, त्यामुळे तिथे वेगळा हिशेब. मग पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. वर्षभराचे सोमवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी आहेतच. अशा माणसाला कोणत्या रकान्यात टाकायचं, हा पाहणी करणाऱ्यांचा जुना पेच आहे. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के शाकाहारी निघाले. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे ३०,००० प्रौढांना विचारलं, तेव्हा ३९ टक्क्यांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. त्याच पाहणीत ८१ टक्के लोक मांसाहारावर काही ना काही बंधन पाळतात, असंही दिसलं: अमुक मांस नाही, तमुक वारी नाही, किंवा दोन्ही. गटारीच्या रांगेतला माणूस या ८१ टक्क्यांत बसतो.

म्हणजे आपल्याकडे मांसाहार सोडणं ही बहुतेकांच्या बाबतीत नव्या प्रदेशात उडी नसते. महिनाभर केलेलं बारा महिने करायचं, एवढाच प्रश्न असतो. तरीही बरेचजण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ढेपाळतात. माझ्या मते याचं कारण निश्चय कमी पडतो हे नाही. ते चुकीच्या स्वयंपाकघरात शिकायला जातात. त्याकडे येतोच, पण आधी सोडणाऱ्यांचा एक जुना आणि मोठा वर्ग कोणता, ते पाहू.

तो वर्ग माळकऱ्यांचा. मराठा, कुणबी, धनगर, माळी अशा ज्या समाजांत जत्रेला बोकड पडतो, त्याच समाजांत घरातला एखादा तरी माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो. ती पंढरपूरला, आळंदीला किंवा गावातल्या सप्ताहात एखाद्या महाराजांच्या हातून घातली जाते, आणि घालताना मांस-मद्य सोडल्याचा शब्द दिला जातो. एकादशी, हरिपाठ आणि वारी त्यासोबत येतात. माळ घालायचं वय ठरलेलं नाही. कुणी दारू सुटावी म्हणून घालतं, कुणी आजारपणातून उठल्यावर, कुणी बापाच्या पश्चात वारी चुकू नये म्हणून. ‘माळ आहे’ एवढं म्हटलं की पंगतीत पुढचं बोलावं लागत नाही. वाढणारा पातेलं घेऊन पुढे सरकतो. मांस सोडणाऱ्याला समाजाने दिलेली इतकी सोपी सोय दुसरीकडे क्वचितच असेल. शहरात आहारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून मटण सोडलेल्या माणसाला प्रत्येक लग्नात, प्रत्येक पार्टीत कारण सांगत बसावं लागतं, आणि ‘एक तुकडा घे रे, काही होत नाही’ हे ऐकावं लागतं. माळकऱ्याला हे कोणी म्हणत नाही.

घरात मात्र एकजण माळकरी आणि बाकीचे खाणारे, हा नेहमीचा मामला. मग मटणाची चूल मागच्या अंगणात किंवा पडवीत. भांडी वेगळी, पळी वेगळी, आणि अनेक गावांत तर मटण रांधायचं काम त्या दिवशी पुरुषांकडे. पण सगळीकडे पुरुष चुलीशी बसतात, असं नाही. माळ घातलेली बाई घरच्यांसाठी मटण शिजवते, हे दृश्य खेड्यात मुळीच दुर्मीळ नाही. ती वाटण परतते, वासावरून ओळखते, तर्री वर आली की विस्तव कमी करते. फक्त चव बघत नाही. मीठ बघायला नातवाला हाक मारते. ‘आज्जी, अजून थोडं’ असं तो म्हणाला, की ती अंदाजानं चिमूट टाकते आणि तिचं मीठ सहसा चुकत नाही. एकाने मांस सोडलं की दोन पातेली होतात आणि दुसरं पातेलं बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडतं, हे शाकाहारावरच्या गोडगोड लिखाणात कुठे येत नाही. नवरा माळ घालतो, पुण्य त्याच्या खात्यात. उसळ भिजत घालायचं लक्षात ठेवायचं ते हिने.

वारकऱ्यांखेरीज महानुभाव आणि लिंगायत या परंपरांनीही शेती करणाऱ्या, कष्टकरी वर्गात शाकाहार रुजवला. जैनांचा तर तो पायाच. मात्र एका पंक्तीला मांस नसलं म्हणून पंगत एक होते, असं नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत अभंग एकत्र म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात, याचं त्यांना वाईट वाटलं होतं आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. उलट टोकाला पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला तरी ताट तेच राहिलं. श्रद्धेशी शाकाहाराची सांगड आपण समजतो तितकी पक्की नसते, एवढं यावरून कळावं.

आता गरिबीचं. मटण जत्रेला, आखाडात, पाहुणा आला तर. एरवी भाकरी, कोरड्यास, ठेचा, कांदा. गेल्या पिढीपर्यंत खेड्यातल्या बहुसंख्य घरांचं हेच जेवण होतं आणि त्याला कोणी शाकाहार म्हणत नव्हतं. परवडत नव्हतं, एवढंच. त्यामुळे हातात चार पैसे आलेल्या पहिल्या पिढीला बिनमांसाच्या साध्या जेवणाचं कौतुक सांगितलं, तर तिला ते रुचत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. युती सरकारने १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली, तेव्हा तो पदार्थ गरिबाचं अन्न म्हणूनच निवडला गेला. आज तोच झुणका महामार्गावरच्या ‘चुलीवरच्या’ हॉटेलात मातीच्या वाडग्यातून येतो आणि बिल पाहून घाम फुटतो.

तर स्वयंपाकघराचा मुद्दा. शहरातला माणूस मांसाहार सोडतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ‘मराठी शाकाहारी जेवण’ म्हणून येतं ते साधं वरण, गूळ-चिंचेची आमटी, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर. हे ब्राह्मणी ताट आहे, फार सुंदर आहे, आणि ज्याची जीभ त्यावर वाढली त्याला पुरतं. पण ज्याची जीभ कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणावर, लसणावर आणि तर्रीवर पोसली आहे, त्याला हे ताट आजारपणातलं वाटतं. तो पंधरा दिवस वरण-भात जेवतो, मग हॉटेलात पनीर मागवतो, मग पनीरला कंटाळतो, आणि एका रविवारी पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याला खरं शिकायचं असेल, तर मांस खाणाऱ्या समाजांच्याच शाकाहारी रांधपाकडे वळायला हवं. तिथे हाड गेलं, पण मसाला जागचा हलला नाही.

मासवडी घ्या. जुन्नर, ओतूर, नारायणगावकडची. पाण्याला लसूण, मिरची, जिऱ्याची फोडणी, हळद, मीठ, आणि पाणी खळखळलं की एका हाताने बेसन वैरत दुसऱ्या हाताने घोटायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. झाकण ठेवून वाफ आली की ते घट्ट पिठलं पळीला धरून राहतं. ओलं फडकं पसरून त्यावर खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची आणि पीठ गरम असतानाच पाण्याचा हात लावून पातळ थापायचं. गार झालं की तडे जातात आणि मग काही इलाज नाही. वर सारण: भाजलेले तीळ, सुकं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, तळलेला कांदा, ठेचलेला लसूण, काळा मसाला. फडक्याच्या दोन्ही कडा उचलून पीठ सारणावर आणायचं आणि बोटांनी दाबत वर धार काढायची. माशाच्या पाठीसारखा आकार येतो, म्हणून नाव मासवडी. सुरीने कापली की आत तिळाचा काळपट गाभा दिसतो. सोबत रस्सा, तो पातळच हवा आणि झणझणीतच हवा. कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर काळी होईपर्यंत भाजून वाटलेली असते. त्या धुरकट चवीनेच जिभेला मटणाची ओळख पटते. बाजरीची भाकरी कुस्करायची, वर रस्सा ओतायचा, मासवडी कडेला. हे जेवून उठलेला माणूस काही सोडल्याची भाषा करत नाही.

असे पदार्थ प्रांतोप्रांती आहेत. विदर्भात पाटवडी, खानदेशात पातोडी, दोन्हीकडे बेसनाच्याच वड्या रश्शात. नागपूरच्या सावजी भोजनालयांत, जिथे लोक मटणासाठीच जातात, तिथेही पाटवडी आणि डाळकांदा त्याच सावजी मसाल्यात मिळतो, आणि डोळ्यांतून पाणी तितकंच येतं. साताऱ्या-कराडकडे उडदाचं घुटं; इस्लामपूर-सांगली पट्ट्यातल्या धाब्यांवर अख्खा मसूर, ज्याच्यासाठी ट्रकवाले मुद्दाम थांबतात. नगर-पुण्याकडे कुळथाचे शेंगोळे, लसणाच्या पाण्यात उकळलेले. मराठवाड्यात भाजलेल्या धान्य-डाळींच्या येसराची आमटी. जळगावचं भरीत तर सर्वांना माहीत. तिथल्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण त्यासोबतची कळण्याची भाकरी बाहेरच्या माणसाला क्वचित वाढली जाते, हा त्या भरितावर अन्याय आहे.

कोकणात तर जोड्याच लागलेल्या आहेत. कोंबडी-वडे खाणाऱ्या मालवणी घरात गणपतीत काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि तेच वडे. चैत्राच्या सुमारास ओल्या काजूगरांची उसळ, जी एरव्ही कोळंबीला लागतं त्याच ओल्या खोबऱ्याच्या वाटणात होते. सुरणाचे आणि वांग्याचे काप मासळीसारखेच आगळ-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर. गोव्यात बांगड्याच्या हुमणात पडणारी तिरफळं खतखत्यातही पडतात. मासळीच्या मुलखातली माणसं शाकाहाराच्या दिवशी चव उतरवून जेवत नाहीत. सीकेपी घरांतलं वालाचं बिरडं हे याचं आणखी एक उदाहरण. भिजवून, मोड आणून, एकेक वाल सोलायचा, म्हणजे कोलंबी सोलण्याइतकेच कष्ट.

पावसाचा आणि या सगळ्याचा मेळही पाहण्यासारखा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. तो माशांच्या विणीचा काळ. त्याच सुमारास डोंगरउतारावर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली उगवतात. ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात आणि त्यासोबत काकडं घ्यायला विसरू नका, असं बजावतात. त्याशिवाय शेवळं घशाला खाजतं. श्रावण लागतो तेव्हा भाजीबाजार वर्षातला सर्वांत विविध असतो. मांसाहार सोडायचा विचार असेल तर एप्रिलमध्ये सुरुवात करू नये, आषाढात करावी, हा माझा अगदी व्यवहारी सल्ला. उन्हाळ्यात पालेभाजी सुकलेली आणि महाग, त्यात उन्हाने तोंडाची चव गेलेली. अशा वेळी निश्चयाची परीक्षा कशाला घ्यायची?

पर्यायांबद्दल थोडक्यात. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत, भरपूर प्रथिनं देतात, पण आधी उकळून, पिळून घेतल्या नाहीत तर त्यांचा कच्चट वास रश्शाला लागतो. अळिंबी आता तालुक्याच्या गावीही मिळते. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ काढली, तेव्हापासून वनस्पतींपासून केलेल्या ‘मटणा’ची आपल्याकडेही चर्चा सुरू झाली. ज्यांना पोतच हवा आहे, त्यांनी ते जरूर खावं. मला स्वतःला कच्च्या फणसाची कुयरी काळ्या मसाल्यात शिजवलेली जास्त पटते, आणि ती फ्रीझरमधून काढावी लागत नाही.

आता तब्येत. इथे गुळमुळीत बोलून चालणार नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. दूध-दह्यातून मिळतं, पण कपभर चहातल्या दुधाने भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात गरोदर बाईच्या अंगात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असणं याचा तिच्या मुलाच्या इन्सुलिन-प्रतिरोधाशी संबंध आढळला. हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा ही लक्षणं लोक वयावर ढकलतात. तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरने सांगितली तर गोळी घ्यावी. अमुक शेवाळातून किंवा आंबवलेल्या पिठातून ब-१२ मिळतं, अशा सांगोवांगीवर विसंबू नये.

प्रथिनांचं गणित सोपं आहे, पण करावं लागतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीतून ११-१२ ग्रॅम, दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून साधारण १५, मूठभर शेंगदाण्यांतून ७-८, पाव लिटर दुधातून ८ आणि दुसऱ्या वेळच्या घट्ट आमटीतून उरलेले. जमतं. पण पाण्यासारखं वरण, भाताचा डोंगर आणि बटाट्याची भाजी, या जेवणात जमत नाही. मांस सोडल्यावर वजन वाढलं अशी तक्रार करणारे बहुधा याच ताटावर जेवत असतात. लोहाचं म्हणाल, तर पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवण झाल्याझाल्या चहा पिऊ नये. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. ही सवय सोडणं मटण सोडण्यापेक्षा अवघड, असं मला अनेकांनी सांगितलं आहे.

आणि तंटा. महाराष्ट्रात शाकाहार हा कधीच फक्त पोटाचा विषय नव्हता. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची त्यात तपशीलवार नोंद आहे. कोणत्या जनावराचा कोणता भाग कुणाच्या वाट्याला यायचा आणि तो कसा टिकवला जायचा, हे वाचल्यावर ‘सात्त्विक’ हा शब्द सहज तोंडात येत नाही. मुंबईत घर शोधताना ‘फक्त शाकाहारी’ ही अट आडनाव न विचारता जात विचारण्याच्या कामी येते. आयआयटी मुंबईत २०२३ मध्ये एका खाणावळीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं राखली गेली, त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. शाळेच्या पोषण आहारात राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. अंड्याऐवजी केळं घेणाऱ्या मुलाची सोय त्या योजनेत होतीच, त्यामुळे निधी थांबवण्याने कोणाचं व्रत राखलं गेलं, हे मला उमजलेलं नाही. माळकरी आजी नातवासाठी मटण रांधते. सरकारला त्याच नातवाचं अंडं जड होतं.

प्राण्यांच्या बाजूने किंवा हवामानाच्या बाजूने शाकाहाराकडे येणारे तरुण शहरांत वाढताहेत. त्यांचा युक्तिवाद खणखणीत आहे, पण आपला शाकाहार दुधावर उभा आहे, ही अडचण त्यांना टाळता येत नाही. गाय-म्हैस मिथेन सोडते, आणि भाकड जनावर व नर वासरू यांचं काय करायचं, हा शेतकऱ्यापुढचा प्रश्न २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर जास्तच बोचरा झाला आहे. काहीजण म्हणून दूधही सोडतात. त्यांना आपल्याकडच्या रांधपातून तिळाचं कूट, शेंगदाण्याचं दही, खोबऱ्याची सोलकढी असं बरंच मिळेल; ब-१२ ची गोळी मात्र तेव्हा ऐच्छिक राहत नाही.

सुरुवात करणाऱ्याने वर्षाचा मसाला कमी करू नये. एप्रिल-मे महिन्यात डंकावर नेहमीइतकीच मिरची, धणे, खोबरं, दगडफूल न्यावं; उलट थोडं जास्तच लागेल, कारण मटण आठवड्यातून एकदा व्हायचं आणि रस्सा आता तीनदा होईल. कडधान्य रात्री भिजत घालायची सवय ही खरी मेख. संध्याकाळी सातला घरी येऊन ‘आता काय करू’ म्हणणाऱ्याच्या नशिबी बटाटाच. म्हणून एका डब्यात मोड आलेली मटकी, एका बरणीत जवसाची किंवा कारळ्याची चटणी, एका वाटीत भाजलेलं वाटण फ्रिजमध्ये असावं. पिठलं मात्र काहीच नसताना होतं, दहा मिनिटांत होतं, आणि वर कच्चं तेल व ठेचलेला कांदा असला तर कुणी हात आखडत नाही. सोमवार-मंगळवारी पिठल्यावर, उसळीवर भागवावं. रविवारी मात्र वेळ काढून पाटवडी नाहीतर मासवडी करावी, कारण शेजारच्या घरातून वास येतो तो रविवारीच.